भोजलीचं नाव

परिषद आंतरराष्ट्रीय होती, कारण नेपाळहून एक बाई प्रत्यक्ष आल्या होत्या आणि आणखी दोघी पडद्यावरून बोलणार होत्या. त्यातल्या एकीचा आवाज शेवटपर्यंत आलाच नाही. बाकी सगळे आम्हीच होतो, रायपूरचे, दुर्गचे, बिलासपूरचे, फार तर नागपूरचे. पण पत्रिकेवर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द सोनेरी अक्षरांत छापला होता, त्याखाली 'महिला सशक्तीकरण', आणि आत निबंध वाचणाऱ्यांच्या यादीत मी होते. पीएच.डी.चं माझं दुसरं वर्ष. ती पत्रिका मी आईला दाखवली, बाबांना दाखवली, चौबे कॉलोनीतल्या आमच्या इमारतीच्या सगळ्या मजल्यांना दाखवली आणि मोबाइलच्या स्टेटसला आठवडाभर ठेवली. आज ते आठवलं की कान गरम होतात.

माझा विषय होता बाईचं नाव. लग्नानंतर बाईला नावानं हाक मारणारं कुणी उरत नाही, हे मला दाखवायचं होतं. प्रश्नावलीतला नववा प्रश्न असा होता: तुम्हाला तुमच्या नावानं कोण बोलावतं? बायका आधी हसायच्या, मग आठवू लागायच्या. एक म्हणाली, बँकवाले. दुसरी म्हणाली, राशनच्या दुकानात अंगठा लावते तेव्हा. तिसरी म्हणाली, माहेरची एक म्हैस राखणारी म्हातारी होती, ती बोलवायची. हे सगळं खरं होतं आणि तेवढ्यावर चांगला निबंध झाला असता. पण आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, "फाइंडिंग में दम चाहिए." दम आणायचा म्हणून मी पुरानी बस्तीत भोजली मावशीकडे गेले.

भोजली मावशी ही माझ्या आईची मैत्रीण. मैत्रीण हा शब्द फार हलका आहे, पण मराठीत दुसरा नाही. छत्तीसगडात श्रावणात बायका टोपलीत गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत त्याचे पिवळे कोंब वाढवतात आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी तलावात सोडतात. त्या कोंबांना भोजली म्हणतात. तलावावर दोघी जणी एकमेकींच्या कानावर ते कोंब खोचतात आणि 'भोजली' बदतात, म्हणजे जन्मभराचं नातं बांधतात. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. दोघींनीही एकमेकींना भोजलीच म्हणायचं. सुखदुःखात सख्ख्या बहिणीच्या आधी तिनं उभं राहायचं.

माझी आई भंडाऱ्याकडून लग्न होऊन इथं आली तेव्हा बाबा रेल्वेत नवे होते आणि पुरानी बस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. आईला हिंदी धड येत नव्हती, छत्तीसगढी तर अजिबात नाही. त्याच वर्षी तिकडे तिची आई गेली. बातमी कळेपर्यंत सगळं उरकलं होतं. शेजारच्या घरातली तिच्याच वयाची बाई रोज संध्याकाळी येऊन नुसती शेजारी बसायची. बोलायचं काय, भाषाच नव्हती. पुढच्या श्रावणात ती आईला हाताला धरून तलावावर घेऊन गेली आणि तिच्या कानावर कोंब खोचले. आईनंही तिच्या खोचले. आईचं लग्न आजोबांनी ठरवलं, सासरी नवं नाव सासूनं ठेवलं, गाव बाबांच्या नोकरीनं दिलं. ही एक गोष्ट तेवढी तिनं स्वतः पसंत केली होती. हे मला पक्कं ठाऊक होतं. लहानपणापासून मी तेच ऐकत आले होते. म्हणजे पुढे जे केलं ते चुकून झालं असं म्हणायची सोय मला नाही.

मी गेले तेव्हा मावशी गच्चीवर बड्या घालत होती. कोहळा आणि उडदाच्या डाळीच्या त्या बड्यांवर तिचं घर चालतं. आपल्या सांडग्यांसारख्याच, इकडे त्यांना रखिया बडी म्हणतात. मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवला आणि सगळे प्रश्न विचारून झाल्यावर उगाच, गंमत म्हणून विचारलं, "मौसी, मेरी मम्मी का नाम बताओ ना." मावशी खळखळून हसली. म्हणाली, "नाम नइ लेवंव बेटी." आणि मग पुढे वीस मिनिटं बोलत राहिली. भोजली बदे हन, नातं बांधल्यावर नाव घेत नाहीत, घेतलं तर नातं उष्टं होतं, तुझी आई पहिल्यांदा तलावावर आली तेव्हा पायरीवरून घसरली आणि मी धरली, तुझ्या जन्माच्या वेळी तिला काढा कुणी पाजला ते तरी तिनं सांगितलं का तुला, असं सगळं.

घरी येऊन मी ते रेकॉर्डिंग कापलं. पलंगावर लोळत, अंगठ्यानं. आधीचं हसणं काढलं, नंतरची वीस मिनिटं काढली. उरलं फक्त 'नाम नइ लेवंव बेटी'. हसणं काढल्याबरोबर तेच वाक्य रडवेलं वाटायला लागलं. चार वेळा ऐकलं आणि मलाच भरून आलं! स्वतःच्या मैत्रिणीचं नाव उच्चारायचीही जिला हिंमत होत नाही, अशी एक दबलेली बाई माझ्या मोबाइलात तयार झाली. इतकी हुशारी मी पुन्हा कधी केली नाही.

गाईड मॅडमना ऐकवलं तर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "यही तुम्हारा पेपर है," म्हणाल्या. मग विचारलं, "इसके बाद कुछ कहा उन्होंने?"

मी म्हणाले, "नहीं मॅम. चुप हो गईं."

त्यांचा काही दोष नाही. त्यांनी नीट विचारलं होतं.

आता परिषदेला बायका हव्या होत्या. महिला सशक्तीकरणाच्या उद्घाटनाला सभागृह रिकामं दिसू नये म्हणून आयोजकांनी प्रत्येक निबंधवाल्याला सांगितलं, आपापल्या 'फील्ड'मधून दोन-चार बायका आणा. त्यांना बसायला मागच्या रांगा, गळ्यात ओळखपत्र आणि जेवणाचं कूपन. मी आईला आणि भोजली मावशीला आणलं. दोघींनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. मावशीनं आल्या आल्या माझ्या हातात बड्यांची पिशवी दिली, बाहेरून आलेल्या बायकांना दे म्हणाली. ती पिशवी मी टेबलाखाली सरकवली.

माझा हिशोब असा होता की उद्घाटन आणि जेवण झालं की दोघींना ऑटोत बसवून द्यायचं. माझं वाचन जेवणानंतर होतं. पण आई काही हलेना.

"आई, बोर हो जाओगी. सब इंग्लिश में है," मी म्हणाले. मी घरात हिंदीतच बोलते. आई मराठीत विचारते, मी हिंदीत उत्तर देते, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं.

"होऊ दे नं," आई म्हणाली. "माह्यी पोट्टी उभी राहून बोलून राहिली, एवढं तं दिसन! काहून हाकलून राहिली आम्हाले?"

माझ्याकडे अर्धा तास होता. पेन ड्राइव्ह माझ्याच पर्समध्ये होता. तो चार सेकंदांचा आवाज काढून टाकणं म्हणजे एक बटण दाबायचं काम. मी ते करायला लॅपटॉप उघडलाही. मग फलकावर लिहिलेलं दिसलं की उत्तम निबंधाला शेवटच्या सत्रात बक्षीस आहे. मी लॅपटॉप मिटला. मनात म्हटलं, आईला इंग्रजी कळत नाही, मावशीला तर नाहीच नाही. आणि कळलंच तरी मावशी काय बोलणार आहे? ती कधी कुणाला दुखवत नाही. म्हणजे तिच्या चांगुलपणावर माझा भरवसा होता, आणि त्याच भरवशावर मी तिला विकायला उभी राहिले.

वाचन चांगलं झालं. खोटं कशाला सांगू, फारच चांगलं झालं. बँक, राशन दुकान, म्हैस राखणारी म्हातारी, सगळं जागच्या जागी बसलं. मग मी थांबले, आवाज खाली आणला आणि म्हटलं, आता एका बाईचा आवाज ऐका. सभागृहात मावशीचा आवाज घुमला.

मी मागच्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. स्वतःचा आवाज ओळखू येताच मावशीचा चेहरा उजळला. तिनं कोपरानं आईला ढोसलं, बघ, मीच आहे. आईही हसली. आणि मग मावशी मान थोडी पुढे काढून पुढचं ऐकायला थांबली. पुढचं आलंच नाही. त्या जागी माझं इंग्रजी सुरू झालं. मावशी आणखी थोडा वेळ तशीच पुढे वाकून बसली होती, मग हळूच खुर्चीला टेकली.

घंटा वाजली, टाळ्या झाल्या. सत्राच्या अध्यक्ष दिल्लीहून आलेल्या एक वयस्क बाई होत्या. मनानं सरळ असाव्यात. त्यांचे डोळे भरले होते. त्या उठून माईकपाशी आल्या आणि हिंदीत म्हणाल्या, ही बहीण आज इथं आहे का?

मी नाही म्हणू शकत होते. पण मी तोंड उघडायच्या आत मागून आईनं मावशीचा हात धरून वर केला. "हो हो, यहाँ है! और मैं इसकी माँ," माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. आईला वाटलं, पोरीच्या अभ्यासात आपल्या भोजलीचा सत्कार होतोय. तिला मी काय वाचलं ते कळलंच नव्हतं. अभिमानानं तिचा चेहरा फुलला होता.

दोघींना मंचावर बोलावलं. अध्यक्ष बाईंनी विचारलं, ती मैत्रीण कोण, जिचं नाव तुम्ही घेऊ शकत नाही? मावशीनं आईकडे बोट दाखवलं. सभागृहात हुंकार उठला, मैत्रीण प्रत्यक्ष शेजारी उभी आहे म्हणजे केवढं भाग्य. मग अध्यक्ष बाईंनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बहन, आज डरना नहीं है. आज आप सबके सामने अपनी सहेली का नाम लेंगी." आणि माईक तिच्या तोंडासमोर धरला. लोक टाळ्या वाजवू लागले, लहान मुलाला गाणं म्हणायला लावताना वाजवतात तशा.

आता आईला कळलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे राहिलं, पण डोळे बदलले. एवढ्या साहेब लोकांत, पोरीच्या कार्यक्रमात, ती कशी बोलणार?

मी तीन पावलांवर उभी होते. 'मॅम, ये भोजली हैं', एवढंच म्हणायचं होतं. अर्धं सभागृह छत्तीसगडातलं होतं. त्यांना तेवढ्यात सगळं समजलं असतं. पण मग लगेच कुणीतरी विचारलं असतं की हे तुझ्या निबंधात का नाही. पहिल्या रांगेत गाईड मॅडम बसल्या होत्या. मी हातातले कागद सारखे करत राहिले.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता, ती फक्त विचारत होती. काय करू, बेटी?

आणि मी मान हलवली. हो म्हणून.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. गप्प राहिले एवढं मी पुढे एकदोघींना सांगितलं, गप्प राहणं लोक समजून घेतात. मान हलवली हे नाही सांगितलं.

मावशीनं पदर डोक्यावर ओढला, खाली बघितलं आणि आईचं नाव घेतलं. फार हळू. अध्यक्ष बाई म्हणाल्या, "ज़ोर से!" तिनं पुन्हा घेतलं, मोठ्यानं. माझ्या आईचं नाव माईकमधून सगळीकडे ऐकू गेलं. ते मी इथंही लिहिणार नाही. लोक उभे राहिले. अध्यक्ष बाईंनी दोघींना जवळ घेतलं, फोटो निघाले, आणि त्यांनी मावशीला विचारलं, कसं वाटलं? मावशी म्हणाली, "बने लागिस." छान वाटलं. बोलताना ती तळहात साडीला पुसत होती.

उत्तम निबंधाचं बक्षीस मलाच मिळालं. मी ते घेतलं.

परत येताना ऑटोत मी मधे बसले होते, दोघी दोन बाजूंना. शंकर नगर ओलांडलं तरी कुणी बोललं नाही. एरवी या दोघी एकत्र आल्या की ऑटोवाला मागे वळून बघतो, इतकी बडबड. पुरानी बस्तीच्या तोंडाशी मावशी उतरली. निरोप घेताना त्या दोघी 'सीताराम भोजली' म्हणतात, दिवसातून चार वेळा भेटल्या तरी चारही वेळा म्हणतात. मावशीनं वळून तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. तिनं आईकडे बघितलं, आईनं तिच्याकडे. "जाथंव," जाते, एवढं म्हणून ती आत गेली.

आई मला रागावली नाही. रागावली असती तर मी भांडले असते, आणि भांडणात मी चांगली आहे. ती जेवायला वाढत होती, बाबांना हवं नको बघत होती, माझं प्रमाणपत्र बाबांनी भिंतीला लावलं तेव्हा खिळा धरून उभी राहिली होती. फक्त फोन करत नव्हती. फोन येतही नव्हता. आठ दिवस.

नवव्या दिवशी मी मावशीकडे गेले. गच्चीवर बड्या घालणं चाललं होतं. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, दूर बस, हात पिठाचे आहेत. मी कठड्याला टेकून बसले आणि सगळं सांगितलं, रेकॉर्डिंग कसं कापलं, काय वाचलं, मॅडमना काय खोटं सांगितलं. रडले. ती बड्या घालत राहिली. शेवटी म्हणाली, "मैं नाम नइ लेतेंव त सब झन तोला लबरी कहितिन." मी नाव घेतलं नसतं तर सगळ्यांनी तुला खोटारडी म्हटलं असतं. तू मान हलवलीस ना, मला तिथंच कळलं की तू अडकली आहेस.

म्हणजे तिला सगळं समजलं होतं. मी तिला मंचावर नेलं, नाव घ्यायला लावलं, आणि तिथं उभं राहूनही ती माझीच अब्रू वाचवत होती. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. तिनं हात धुतले, माझ्या डोक्यावरून फिरवले आणि म्हणाली, जाऊ दे, पोरीची जात, होतं असं. येताना बड्या बांधून दिल्या.

लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, घरी येताना मला हलकं वाटत होतं. माफी मिळाली होती. आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. मी बड्यांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "आई, मौसी ने माफ कर दिया."

"केलं असन," आई म्हणाली. "थे तशीच हाये."

मग हातातली जुडी बाजूला ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं.

"एक सांग मले. आता मी तिले काय म्हणू?"

"भोजली ही बोलो ना, आई. जैसे पहले."

"मले तोंडच होत नाही वं. आठ दिवस झाले, फोन हातात घेतो अन् ठेवून देतो. लावला तं हॅलोच्या पुढं काय म्हणू? भोजली म्हणू, तं तिनं माह्यं नाव घेतलं, एवढ्या लोकांत, दोनदा. थे ऐकलं म्या. नावानं बोलावू, तं तिचं नाव माह्या तोंडात कधी बसलंच नाही. तूच सांग. तू शिकलेली हायेस. याच गोष्टीवर तं शिकून राहिली."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा आईला जमत नाही. मी तिच्यासमोर बसले आणि मेथीची एक काडी उचलली. ती माझ्याकडे बघत राहिली, खरोखर उत्तराची वाट बघत. तिला वाटत होतं, मला माहीत असेल.